पिस्तुलाच्या साइट्स घरी बदलताना: आधी मोजमाप, मग हातोडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लॉक १९ ला कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या साइट्स (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा; पुढची फ्रंट, मागची रिअर) आहेत. त्या काढून पोलादी बसवायच्या आहेत, आणि फ्रंट साइटवर ट्रिटियमचा (अंधारात स्वतः चमकणारा) किंवा फायबरचा (बाहेरचा प्रकाश गोळा करणारा) ठिपका हवा आहे. घरी व्हाइस, हातोडी आणि पितळी पंच आहे. एवढ्यावर भागेल, की साइट पुशर (स्क्रूच्या दाबाने साइट सरकवणारं हत्यार) विकत घ्यावाच लागेल? आणि नव्या साइट्सनी गोळ्या वरखाली किंवा बाजूला पडू लागल्या तर काय करायचं?

एवढ्यावर भागेल. ग्लॉकसाठी फ्रंट साइटच्या स्क्रूचा पातळ भिंतीचा पाना तेवढा जास्तीचा लागेल. पुशर हवा की नको हे रिअर साइट कोणती घेता यावर ठरेल. मात्र या कामात बिघडतं ते ठोकण्यामुळे कमी आणि न मोजल्यामुळे जास्त. चुकीच्या उंचीची साइट कितीही सुबक बसवली तरी पिस्तूल चुकीच्या जागी मारणार. जोर लावल्याशिवाय जात नसेल, तर जोर वाढवायचा नाही. कुठे अडतंय ते शोधायचं.

आपल्या परवान्याच्या अटी आणि देशाचा कायदा मालकाला स्वतः हे काम करू देतो का, ते आधी पाहून घ्या. ट्रिटियम किरणोत्सर्गी असल्यामुळे काही ठिकाणी त्याच्या खरेदी-आयातीवर वेगळे नियम असतात.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम बदलायचा नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची. उलट केलंत तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत जाते. चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. ग्लॉकची स्लाइड उतरवताना ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून ही खात्री दोनदा करायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची आणि मगच दाबायचं. स्लाइड उतरली की स्प्रिंग आणि बॅरल काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं काम नुसत्या स्लाइडवर होतं.

आता उंची. साइट्स विकत घेण्याआधीच हे गणित करायला हवं, आणि बहुतेक लोक ते नंतर करतात. सध्याच्या साइट्सनी, टेकू देऊन, आपण नेहमी वापरतो त्याच गोळ्यांनी १५ मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे दोन-तीन गट मारा. गटाचा मध्य नेमाच्या बिंदूपासून किती दूर पडतो ते मोजा. सूत्र सोपं आहे: साइटमध्ये करायचा बदल म्हणजे निशाण्यावरची चूक गुणिले साइट रेडियस, भागिले अंतर. साइट रेडियस म्हणजे फ्रंट साइटच्या मागच्या कडेपासून रिअर साइटच्या खाचेपर्यंतचं अंतर. ग्लॉक १९ वर ते सुमारे १५३ मिलिमीटर भरतं, ग्लॉक १७ वर १६५ च्या आसपास.

समजा १५ मीटरवर गट ४० मिलिमीटर खाली पडतो. ४० गुणिले १५३ भागिले १५,००० म्हणजे जवळपास ०.४ मिलिमीटर. तर फ्रंट साइट ०.४ ने बुटकी हवी, किंवा रिअर तेवढीच उंच. ग्लॉकच्या कारखान्याच्या रिअर साइट्स ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ अशा मापांत मिळतात, म्हणजे एकेक पायरी ०.४ ची आहे. ६.५ काढून ६.९ लावली की हा प्रश्न संपला. इतर उत्पादकांचे आकडे याच पद्धतीने मोजलेले असतात असं धरू नका. कोणी डव्हटेलच्या, म्हणजे साइट आडवी सरकून बसते त्या तिरक्या कडांच्या खाचेच्या, तळापासून उंची मोजतं, कोणी स्लाइडच्या पृष्ठभागापासून. दोन कंपन्यांच्या साइट्स एकत्र लावायच्या असतील तर कॅलिपरने स्वतः मोजून घ्या. एकाच कंपनीची जोडी घेतली तर हा घोळ बराच टळतो, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याने तीच घ्यावी.

दिशा लक्षात ठेवायला एकच नियम पुरतो. रिअर साइट तिकडेच हलवायची जिकडे गोळी जायला हवी, फ्रंट त्याच्या उलट. गोळी वर न्यायची तर रिअर उंच करा किंवा फ्रंट बुटकी. गोळी डावीकडे न्यायची तर रिअर डावीकडे सरकवा.

नेम धरण्याची पद्धतही इथे येते. काही साइट्स अशा बनवलेल्या असतात की फ्रंटच्या वरच्या कडेवर गोळी लागावी, काहींत ठिपक्याने लक्ष्य झाकलं की ठिपक्याच्या मागे लागावी. या दोहोंतला फरक ठिपक्याच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंतच्या अंतराइतका असतो. ते अंतर १.५ मिलिमीटर असेल तर वरच्याच सूत्राने १५ मीटरवर जवळपास १५० मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे साइट चुकीची नसताना माणूस ती बदलत बसतो. पाकिटातल्या माहितीपत्रकावर नेमाचं चित्र असतं, ते आधी बघा.

फ्रंटची रुंदी आणि रिअरच्या खाचेची रुंदी ही आवडीची बाब आहे, पण जोडी जुळायला हवी. फ्रंट ३.२ आणि खाच ३.६ असेल तर दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक फट दिसते आणि लांबवर नेम नेमका बसतो. २.५ ची फ्रंट त्याच खाचेत घातली की फटी मोठ्या दिसतात, जवळच्या अंतरावर जलद पडतं, पण २५ मीटरवर फ्रंट नक्की मध्ये आहे का हे सांगणं अवघड होतं.

तुमचं पिस्तूल ग्लॉक आहे म्हणून बरं. रिअर डव्हटेलमध्ये आणि फ्रंट बहुधा खालून स्क्रूने, एवढाच मामला. हाच मजकूर दुसरं पिस्तूल असलेला कोणी वाचत असेल तर त्याने हातोडी उचलण्यापूर्वी आपली साइट कशावर धरलेली आहे ते शोधावं. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत रिअर साइटच्या खाली स्ट्रायकर ब्लॉकची स्प्रिंग आणि तिची टोपी असते. साइट सरकताच ती उडते, आणि ती परत न बसवता साइट लावली तर सुरक्षेचा एक भागच गायब झालेला असतो. साइट सरकवताना खाचेवर अंगठा किंवा कापड ठेवायचं. सीझेड ७५ च्या बऱ्याच आवृत्त्यांत फ्रंट साइट उभ्या पिनने धरलेली असते आणि नव्या साइटला भोक पाडावं लागतं. बेरेटा ९२ एफएसची फ्रंट साइट स्लाइडचाच भाग आहे, ती निघतच नाही. जुन्या पद्धतीच्या १९११ वर फ्रंटची खुंटी स्लाइडच्या आतून ठोकून फुलवलेली असते. त्याला खास हत्यार लागतं, ते घरी करू नये. रिव्हॉल्व्हरमध्ये रुगर जीपी१०० ची फ्रंट प्लंजर दाबून हाताने निघते, स्मिथ अँड वेसनच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरची आडव्या पिनने धरलेली असते. ज्या रिव्हॉल्व्हरची रिअर म्हणजे फ्रेमच्या पाठीवर कोरलेली चर असते, तिथे मागे बदलण्यासारखं काही नसतं.

पुशर की पंच, याचं उत्तर असं. रिअर साइट साधी, काळी, एका तुकड्याची पोलादी असेल आणि आयुष्यात एकदाच बसवायची असेल तर पितळी पंच पुरतो. रिअरमध्येही ट्रिटियमच्या कुप्या असतील तर पुशर घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. कुपी काचेची असते. साइट बनवणारा तिच्याभोवती उशीसारखा थर देतो खरा, पण हातोडीचे वीस धक्के सोसण्यासाठी ती केलेली नसते. शिवाय पुशरने दशांश मिलिमीटरची हालचाल मनासारखी करता येते, पंचाने ती नशिबावर असते.

पुशरचे स्वतःचे दोष आहेत. दाबणारा ठोकळा साइटच्या बुंध्याला, स्लाइडला अगदी लागून टेकला पाहिजे. वरच्या अंगाला टेकला तर साइट सरकण्याऐवजी कलते आणि खाचेत आवळून बसते. साइटच्या बाजू तिरक्या असतील आणि ठोकळा सरळ असेल तर तो फक्त एका कडेवर दाब देतो आणि रंग सोलतो. अशा वेळी ठोकळा तिरका लावता येणारा पुशर हवा. मुख्य स्क्रूला आधी ग्रीस लावा. कोरडा स्क्रू स्वतःच आवळतो आणि आपल्याला वाटतं साइट घट्ट आहे. हँडलवर नळी चढवून जोर लावायची वेळ आली की थांबायचं. त्यापुढे साइट हलत नाही, पुशर वाकतो.

पंच वापरणार असाल तर तो १० ते १२ मिलिमीटर जाड, टोकाला सपाट असा पितळी घ्या. नायलॉनचा पंच खूण सोडत नाही, पण निम्मा धक्का स्वतःच गिळतो, त्यामुळे घट्ट साइटला तो उपयोगाचा नाही. शेवटच्या बारीक सरकवणीसाठी मात्र तोच चांगला. पोलादी पंच पेटीतच राहू द्या. हातोडी ३०० ग्रॅमच्या आसपासची. फार हलक्या हातोडीने पन्नास वेळा टकटक करण्यापेक्षा मध्यम हातोडीचा एक आखूड, ठाम ठोका बरा. हलक्या ठोक्यांनी साइट सरकत नाही, तिची कड मात्र चेपत जाते. पितळेचे पिवळे ओरखडे उमटले तर घाबरू नका. तांब्याचा मळ काढणाऱ्या, अमोनिया असलेल्या सॉल्व्हंटने ते पुसून जातात. फक्त ते सॉल्व्हंट फायबरला आणि ठिपक्याभोवतीच्या रंगाला लागू देऊ नका, आणि नंतर तेलाचं बोट फिरवा.

स्लाइड व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकडाच्या, चामड्याच्या किंवा नायलॉनच्या पट्ट्या लावा. पकड ब्रीचफेसच्या (गोळीचं बूड टेकतं त्या भिंतीच्या) मागे, जिथे स्लाइड भरीव आहे, तिथे घ्या. पुढे ती पातळ भिंतींची असते आणि खालून उघडी. तिथे व्हाइस आवळला तर भिंती आत येतात आणि स्लाइड फ्रेमवर घासू लागते. खालून लाकडाचा तुकडा टेकवला की ठोक्याने स्लाइड घसरत नाही. वर रेड डॉटसाठी (लाल ठिपका दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साइटसाठी) खाच काढलेली स्लाइड असेल तर डव्हटेलच्या पुढची भिंत पातळ असते, तिथे आणखी जपून.

जुनी साइट काढण्याआधी तिची जागा नोंदवा. स्लाइडच्या डाव्या कडेपासून साइटच्या डाव्या कडेपर्यंत आणि तसंच उजवीकडे कॅलिपरने मोजून कागदावर लिहा. पिस्तूल आधी सरळ मारत असेल तर नवी साइट बसवायला हीच माहिती लागणार आहे.

रूढ पद्धत अशी की नळी आपल्यापासून दूर धरली असता साइट डावीकडून उजवीकडे बाहेर काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे आत घालायची. ग्लॉकची प्लास्टिक रिअर दोन्हीकडून निघते, पण हीच सवय ठेवावी, म्हणजे दुसऱ्या पिस्तुलावर चूक होत नाही. कारखान्याची प्लास्टिकची साइट दोन-चार ठोक्यांत निघते, त्यात काही विशेष नाही.

कोणत्याही साइटवर बारीक सेट स्क्रू (साइटमधून खाली टेकून तिला जागी आवळणारा) दिसला तर तो आधी सैल करा किंवा पूर्ण काढा. घरगुती कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्क्रू खाली टेकलेला असताना साइट ढकलली की तो डव्हटेलच्या तळाशी चर ओढत जातो, मध्येच अडकतो, आणि मग साइट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. नवी साइट पाकिटातून काढल्यावरही स्क्रू खाली डोकावत नाही ना ते पाहा. पुष्कळदा तो अर्धा फिरवूनच आलेला असतो.

आता बसवण्याचा खरा भाग. डव्हटेलची रिकामी खाच ब्रशने आणि सॉल्व्हंटने स्वच्छ करा, जुना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) आणि प्लास्टिकचा कीस काढा. नवी साइट हाताने घालून पाहा. अंगठ्याच्या जोराने ती खाचेच्या एक तृतीयांशापर्यंत गेली तर माप योग्य आहे, पुढचं पंच किंवा पुशर करेल. तोंडाशीच अडली तर ती घासावी लागेल. अर्ध्याच्या पुढे सहज गेली तर ती सैल आहे, तिची कहाणी पुढे.

घासायची ती साइट, स्लाइड कधीही नाही. साइट बिघडली तर दुसरी मिळते. साइटच्या तळाला मार्करने काळं करा, हाताने जाईल तेवढी घाला, बाहेर काढा. जिथे काळा रंग खरवडला तिथे ती टेकते आहे. तळावरचा रंग गेला असेल तर सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर तळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. पाच-सहा फेऱ्या, मग पुसून पुन्हा घालून बघा. कागद पुरत नसेल तरच कानस. पुढच्या-मागच्या तिरक्या बाजू घासायच्या असतील तर त्रिकोणी कानशीची एक बाजू घासून गुळगुळीत केलेली हवी, म्हणजे तिरकी बाजू घासताना तळ कापला जात नाही. मात्र शक्य तिथे तळच घासावा. तिरक्या बाजूंवर हात जरा कलला की खाचेत साइट एका टोकाला आवळते आणि दुसऱ्या टोकाला हलते. तळ घासल्याने साइट जेवढी खाली जाते ती शतांश मिलिमीटरची बाब आहे, नेमावर तिचा विचार करायला नको. जिथे उघडं पोलाद दिसू लागलं तिथे ब्लूइंगचं द्रावण किंवा निदान तेल लावा, नाहीतर खाचेत गंज धरतो.

साइट फ्रीझरमध्ये ठेवून आकसवायची युक्ती पुष्कळ जण सांगतात. हिशोब करून पाहा: पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर आकसतं. १० मिलिमीटरचा बुंधा ४० अंशांनी थंड केला तर आकसेल ०.००५ मिलिमीटर. पॉलिश पेपरच्या काही फेऱ्यांत त्याहून जास्त निघतं, आणि थंड साइटवर पाणी साचतं ते वेगळंच. स्लाइड तापवण्याच्या भानगडीत तर पडूच नका. उष्णतेने ट्रिटियमची कुपी, फायबर आणि स्लाइडचा लेप तिन्ही जातात.

साइट पंचाने आत घालताना दर दोन-तीन ठोक्यांनी वरून बघा. ती खाचेला समांतर आहे का, एका बाजूने उचलली जात नाही ना. ठोक्याचा आवाज बदलून एकदम टणक झाला आणि साइट थांबली, तर ती उलट दिशेने बाहेर काढा आणि मार्करने पुन्हा तपासा. खाचेच्या तोंडाशी पोलादाची बारीक कुरळी पट्टी निघालेली दिसली तर साइट फार घट्ट आहे. एक गोष्ट ध्यानात असू द्या: साइट दर वेळी आत-बाहेर केली की पकड थोडी कमी होते. म्हणून ‘जरा घालून बघू’ हे हातानेच करायचं, पूर्ण ठोकून नाही.

सैल निघाली तर? नुसता सेट स्क्रू आवळून सैल साइट धरून ठेवायचा मोह होतो. स्क्रू साइटला वर उचलून धरतो, त्यामुळे सगळा भार एका टोकावर येतो. काही मॅगझिन मारल्यावर ती सरकते. बारीक सैलपणा असेल तर खाच आणि साइट तेलमुक्त करून रिटेनिंग कंपाऊंड (एकमेकांत बसलेले धातूचे भाग धरून ठेवणारा द्रव) लावा. जास्त असेल तर तळाशी ०.०५ मिलिमीटरची पितळी पट्टी घाला. खाचेच्या तळाशी सेंटर पंचाने खड्डे मारून पोलाद उचलण्याची जुनी रीत चालते, पण ती स्लाइडवर कायमची खूण आहे. त्याआधी साइट परत करून दुसरी मागवणं मला जास्त पटतं.

मध्य साधताना साइटच्या कडेपेक्षा नेमाच्या खाचेचा मध्य महत्त्वाचा, कारण काही रिअर साइट्सवर ही खाच बुंध्याच्या ठीक मध्ये नसते. डावीकडे २.३० आणि उजवीकडे २.७० भरत असेल तर साइट ०.२० ने उजवीकडे न्यायची, ०.४० ने नाही. ही निम्म्याची चूक फार जण करतात आणि साइट दोन्हीकडे धावत राहते. ०.०५ च्या आत आलं की थांबा, पुढचं निशाणा सांगेल.

रिअर व्यवस्थित बसल्यावरच फ्रंटला हात लावा. कारण असं की काही ग्लॉकवर कारखान्याची फ्रंट स्क्रूने नसून तिची प्लास्टिकची खुंटी आतून फुलवलेली असते आणि काढताना ती तुटते. रिअर बसतच नाही असं निघालं तर जुन्या फ्रंटसह पिस्तूल पूर्ववत करता येतं.

फ्रंटचा स्क्रू स्लाइडच्या आतून, वरच्या भिंतीत असतो. त्याला ३/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटरचा, पातळ भिंतीचा पाना लागतो. साधा पाना आतल्या अरुंद जागेत मावत नाही. पक्कडीने फिरवायचा प्रयत्न केला की षटकोनी डोकं गोल होतं. फुलवलेली खुंटी असेल तर ती आतून पंचाने दाबून किंवा बाहेरून पक्कडीने धरून काढा. ती फेकायचीच आहे.

नवी फ्रंट खाचेत कोरडीच बसवून बघा. तिची खुंटी पूर्ण आत जाऊन बुंधा स्लाइडला सगळीकडे टेकला पाहिजे. मग थ्रेडलॉकर न लावता स्क्रू एकदा फिरवून पाहा. स्क्रू आवळला पण साइट हलते आहे, असं झालं तर स्क्रू लांब आहे आणि आंधळ्या भोकाच्या तळाला टेकला आहे. ही खोटी घट्टता थ्रेडलॉकर लावल्यावर ओळखू येत नाही. अशा स्क्रूचं टोक अर्धा मिलिमीटर घासून घ्या. बॅरल तात्पुरती घालून स्क्रूचं डोकं तिला घासत नाही ना, तेही आताच बघा.

आता आटे अल्कोहोलने पुसा, साइटमधलेही आणि स्क्रूचेही. थ्रेडलॉकर तेलावर धरत नाही. फ्रंट साइट्स उडून जाण्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं, आणि लोक स्क्रूला दोष देतात. स्क्रूच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवर एक छोटा थेंब पुरे. निळा (साध्या हत्याराने सुटणारा) की लाल (जास्त घट्ट धरणारा), यावर वाद चालतो. या जागी स्क्रू छोटा आणि धक्के मोठे, म्हणून उत्पादकाने दुसरं काही सांगितलं नसेल तर मी लाल लावतो. काही प्लास्टिकना थ्रेडलॉकरने तडे जातात, म्हणून तो फायबरवर किंवा कुपीच्या तोंडावर जाता कामा नये. जास्तीचा लगेच पुसा.

आवळताना साइट स्क्रूबरोबर फिरायला बघते. खाचेत तिला किंचित जागा असतेच. बाहेरून बोटांनी किंवा कापडात धरलेल्या समांतर जबड्याच्या पक्कडीने ती सरळ धरा आणि पान्याची मूठ दोन बोटांनी फिरवा. पूर्ण मुठीचा जोर लावला तर स्क्रूची मान तुटते आणि तुटका तुकडा साइटमध्ये राहतो. माहितीपत्रकात टॉर्कचा आकडा दिला असेल तर तोच पाळा. मागून डोळा लावून फ्रंट उभी आहे का पाहा, आणि २४ तास पिस्तूल तसंच ठेवा. थ्रेडलॉकर हवेत सुकत नाही, धातूच्या फटीत हवा न मिळाल्याने घट्ट होतो, त्याला वेळ लागतो.

ट्रिटियमबद्दल थोडं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे. म्हणजे बारा वर्षांनी ट्रिटियम जवळपास निम्मं उरतं, आणि आतला चमकणारा लेपही तोवर थकलेला असतो. घेताना विक्रीची नाही, उत्पादनाची तारीख विचारा. कुपी फुटलीच तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर जा, नंतर हातमोजे घालून साइट पिशवीत बंद करा, हात धुवा, आणि ती कचऱ्यात न टाकता उत्पादकाला कळवा. त्याचे बीटा कण कातडीचा वरचा थर ओलांडत नाहीत. टाळायचं ते श्वासातून आणि तोंडातून आत जाणं.

फायबर मात्र सहज बदलता येतं. १.० आणि १.५ मिलिमीटर जाडीच्या काड्या मिळतात. भोकापेक्षा दोन मिलिमीटर लांब तुकडा कापा आणि लायटरची ज्योत जवळ आणा, लावू नका. टोक वितळून टोपीसारखं फुगतं आणि काडी अडकून राहते. ॲसिटोन आणि ब्रेक क्लीनर तिला लागले की ती धुरकट होऊन तुटते.

पिस्तूल जोडल्यावर, गोळ्या अजून दुसऱ्याच खोलीत असताना, स्लाइड दहा-बारा वेळा मागेपुढे करा आणि ती पूर्ण पुढे जाऊन बसते का बघा. होल्स्टरमध्येही घालून बघा. उंच साइट्स होल्स्टरच्या आतल्या चरीत अडकतात, आणि ते ऐन काढताना कळतं. मग साइट आणि स्लाइड दोहोंवरून जाणारी रंगाची एक बारीक रेघ मारा. पुढच्या ५० गोळ्यांनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर साइट सरकली आहे.

आता शेवटचा प्रश्न, नेम सरकला तर. आधी नेमच सरकला आहे का ते ठरवा. उजव्या हाताच्या नेमबाजाचा गट खाली-डावीकडे पडत असेल तर दहातल्या आठ वेळा दोष ट्रिगरवरच्या बोटाचा असतो. त्यासाठी रिअर उजवीकडे सरकवली तर ती चूक साइटमध्ये कोरली जाते. बोट सुधारलं की पिस्तूल उजवीकडे मारू लागतं आणि साइट पुन्हा हलवावी लागते. म्हणून वाळूच्या पिशवीवर टेकू देऊन पाच-पाचचे तीन गट मारा, आणि जमलं तर दुसऱ्या चांगल्या नेमबाजाकडून एक गट मारून घ्या. दोघांचे गट एकाच बाजूला पडले तरच साइटला हात लावा. गटाचा मध्य धरा, सगळ्यात लांबची गोळी नाही.

समजा १५ मीटरवर दोघांचेही गट ३० मिलिमीटर उजवीकडे आहेत. ३० गुणिले १५३ भागिले १५,००० म्हणजे ०.३ मिलिमीटर. रिअर तेवढी डावीकडे न्यायची. नव्या साइट्समुळे रेडियस दोन-तीन मिलिमीटरने बदलला असेल तरी या हिशोबात फारसा फरक पडत नाही. पुशरच्या स्क्रूचा आट्याचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर) माहीत असेल तर एक फेरी म्हणजे किती मिलिमीटर हे कळतं: १ मिलिमीटर पीचला पाव फेरीहून थोडं जास्त. मात्र स्क्रूचा सुरुवातीचा ढिलेपणा त्यात धरू नका, ठोकळा साइटला टेकल्यापासून मोजा आणि कॅलिपरने पडताळा. पंच असेल तर एक ठोका, एक मोजणी, असंच जायचं. हवं तिथे आल्यावर सेट स्क्रू असेल तर त्याला निळा थ्रेडलॉकर लावून छोट्या पान्याने टेकेपर्यंत फिरवा, आणि तिथून अगदी थोडा.